घरच्या गाळ्यात हॉट रॉडची चासी: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

हॉट रॉड म्हणजे जुन्या घडणीची, मागच्या चाकांवर चालणारी, अंगावरचं अनावश्यक लोखंड उतरवलेली आणि जमिनीला धरून बसणारी गाडी. अमेरिकेत हा छंद ज्या गाड्यांवर वाढला त्यांत १९३२ ची फोर्ड अग्रभागी होती. तिची फ्रेम मुंबईत भंगारातही सापडणार नाही, म्हणून इथे सुरुवात बॉक्स पाइपपासूनच होते. खाली जी शिडी चासी (दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे पाइप) सांगितली आहे तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २६९० मिमी, म्हणजे त्या फोर्डइतकाच. चारही कोपऱ्यांत गाडीच्या लांबीला समांतर पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही टोकांना उंच उचललेली रेल, एवढाच तिचा आराखडा आहे. दिसायला देखण्या अशा आडव्या पाट्याच्या रचना आहेत, पण त्यांना ॲक्सल जागेवर धरायला रॉड, पॅनहार्ड बार, पर्च असं बरंच काही लागतं आणि प्रत्येक जोड चुकू शकतो. समांतर पाटा ॲक्सलला स्वतःच जागेवर धरून ठेवतो. पहिल्या चासीला तोच घ्यावा.

बहुतेक घरगुती चासी वेल्डिंगमुळे फसत नाहीत, त्या मापामुळे फसतात. जिथून सगळं मोजायचं ती एक पातळी आणि एक मध्यरेषा आधी ठरली नाही, तर पुढचं कितीही सुंदर वेल्डिंग गाडीला सरळ चालवू शकत नाही. म्हणून या लेखाचा बराच भाग मापांवर गेला आहे.

आधी कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली, उत्पादकाने दिलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. जुन्या जीपचं आरसी बुक नव्या चासीला लावून रस्त्यावर फिरणं हा मार्ग बंद आहे, आणि कोणी एजंट तो उघडून देतो म्हणाला तरी त्याच्या नादी लागू नका. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रोटोटाइपची चाचणी लागते. एका गाडीसाठी तो खर्च झेपत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधारही मिळत नाही. तिथे गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, चासीत मोठा फेरफार चालत नाही.

म्हणजे ही गाडी खासगी जागेत, प्रदर्शनात, आणि आयोजकांची लेखी परवानगी असेल तर बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. तिथपर्यंत न्यायची ती फ्लॅटबेडवरून. हे मान्य असेल तरच पाइप कापा.

एक गोष्ट उलट्या दिशेनेही खरी आहे. पन्नास वर्षं ओलांडलेली, अंगाने शाबूत गाडी दाता म्हणून, म्हणजे सुटे भाग काढून घेण्यासाठी, कापू नका. तिला मूळ रूपात उभी करण्यातच तिचा मान आहे. कापायची ती आधीच गंजून संपलेली.

जागा आणि वीज

चासीची लांबी ३८१० मिमी होणार आहे. चारही बाजूंनी माणूस वाकून वेल्डिंग करू शकला पाहिजे, म्हणजे किमान साडेपाच मीटर बाय तीन मीटर मोकळी जागा हवी. वसई, कल्याण, बदलापूरकडचं तळमजल्याचं घर किंवा इंडस्ट्रियल इस्टेटमधला छोटा गाळा चालतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. ग्राइंडरच्या आवाजावरून भांडण होतं हा एक भाग, पण वेल्डिंगच्या ठिणग्या आणि शेजारच्या स्कूटरची पेट्रोलची टाकी हा खरा धोका आहे.

सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मिग मशीन (तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) पुरेसं आहे. त्याच्यासाठी मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) परवानाधारक वायरमनकडून घालून घ्या. घरातला मंजूर लोड कमी असेल तर आधी वीज कंपनीकडे अर्ज करा. एसी, गीझर आणि मिग एकाच वेळी चालले की व्होल्टेज पडतं, आर्क तुटक होतो आणि वेल्ड वरवर चांगला पण आतून थंड राहतो. असा थंड वेल्ड डोळ्यांना दिसत नाही.

पावसाळ्यात ओल्या लादीवर उभं राहून वेल्डिंग करू नका. पायाखाली सुकी लाकडी फळी, पायांत रबरी तळव्याचे बूट आणि हातांत सुके चामडी हातमोजे हवेत. बंद खोलीत गॅस साठून गुदमरायला होतं, म्हणून दार उघडं ठेवा. मात्र पंख्याचा झोत थेट जोडावर येऊ देऊ नका, कारण शिल्डिंग गॅस उडाला की वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. वाळूच्या दोन बादल्या आणि एक पावडरचा अग्निशामक कायम हाताशी असू द्या.

दात्या गाडीचे भाग

पुढे जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह जीपचा सरळ आय-बीम ॲक्सल घ्या, ज्याला गॅरेजवाले डेड ॲक्सल म्हणतात. त्याच्यासोबत त्याचेच पाटे, शॅकल (पाट्याच्या एका टोकाची झुलती कडी), यू-बोल्ट आणि स्टिअरिंग आर्म उचला. मागच्या ॲक्सलची निवड करताना डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी आहे का ते बघा. जुन्या फोर-व्हील जीपमध्ये तो एका बाजूला असतो आणि मग प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) तिरका जातो. पुढच्या आणि मागच्या हबवरचे स्टड किती आणि त्यांचं वर्तुळ केवढं, हे तिथेच मोजा, नाहीतर एकच स्टेपनी दोन्हीकडे बसणार नाही. स्टिअरिंग बॉक्स उजव्या हाताचाच घ्या. अनेक जुन्या जीप डाव्या स्टिअरिंगच्या आहेत.

इंजिनासाठी ॲम्बेसेडर किंवा कॉन्टेसामधलं १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह उत्तम. ते लांबीत बसतं, मागच्या चाकांना ताकद देतं आणि त्याची कामं जाणणारे मिस्त्री अजून आहेत.

कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात हे सगळं फिरून मिळतं. पावतीवर इंजिन नंबर आणि विकणाऱ्याचा पत्ता लिहून घ्या. पावती द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका, चोरीचा माल कधी गळ्यात पडेल सांगता येत नाही.

घरी आणल्यावर आय-बीम घासून स्वच्छ करा आणि डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो उघड करणारा रंग) मारून तडे बघा. किंगपिनमध्ये (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) ढिलाई असेल तर पिन आणि बुश आत्ताच बदला. आणि एक नियम अजिबात मोडायचा नाही: फोर्ज केलेल्या पुढच्या ॲक्सलवर कधीही वेल्डिंग करायचं नाही. ते पोलाद वेल्डच्या शेजारी कडक आणि ठिसूळ होतं आणि एखाद्या खड्ड्यात कसलीही सूचना न देता तुटतं. त्याला काहीही जोडायचं ते बोल्टनेच.

उंचीचा हिशोब

आता कागद-पेन्सिल. चाकं वजनाखाली असताना जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. ६.००-१६ च्या जीप टायरवर ती ३५० मिमी आली असं धरू. तुमचा टायर वेगळा असेल तर आकडा तुमचा घ्या, रीत हीच.

मधली रेल जमिनीपासून २३० मिमीवर ठेवायची आहे. मागच्या ॲक्सलच्या नळीची त्रिज्या ३८ मिमी, म्हणजे नळीचा माथा ३५० + ३८ = ३८८ मिमीवर. खड्ड्यात ॲक्सल वर येतो, त्यासाठी ८२ मिमी मोकळे ठेवू. म्हणजे ॲक्सलवरून जाणाऱ्या रेलचा तळ ४७० मिमीवर पाहिजे. ४७० वजा २३०, बरोबर २४० मिमी. रेल एवढी उचलायची, ना कमी ना जास्त. ही उंची दिसण्यावरून ठरवली तर एकतर गाडी ट्रॅक्टरसारखी उंच होते, नाहीतर पहिल्याच उंचवट्याला ॲक्सल रेलवर आपटतो.

पुढेही २४० मिमीच उचला. तिथे पाटे ॲक्सलच्या वर बसतील. मागे मात्र पाटे ॲक्सलच्या खालून घ्या, कारण वर त्यांना जागाच उरलेली नाही.

दोन रेलमधलं अंतर पुढचा ॲक्सल ठरवतो. त्याच्यावर पाट्यांचे दोन पॅड असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजेच रेलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. इथे ते ६९० मिमी धरलं आहे. रेल ५० मिमी रुंद, म्हणजे आतली मोकळी रुंदी ६४० मिमी.

पुढचा पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळा म्हणजे पाट्याच्या टोकाची गोल कडी) ९२० मिमी आणि मागचा १०७० मिमी आला असं धरून एका बाजूचे तुकडे असे येतात:

- मधली खालची रेल: १४२० मिमी
- पुढची वरची रेल: १०२० मिमी
- मागची वरची रेल: ११७० मिमी
- उभे खांब: ३४० मिमीचे दोन (२४० ची उचल आणि रेलची १०० मिमी उंची)

पुढच्या खांबाची पुढची बाजू पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून ५०० मिमी मागे येते. मागच्या खांबाची मागची बाजू मागच्या ॲक्सलच्या ५७० मिमी पुढे येते. दोन्ही बाजू मिळून ८.५८ मीटर, शिवाय ६४० मिमीचे पाच आडवे सदस्य, म्हणजे एकूण ११.७८ मीटर पाइप.

लोखंड

१०० × ५० × ४ मिमीचा काळा बॉक्स पाइप घ्या, आयएस ४९२३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. मीटरला साधारण ८.६ किलो भरतो, त्यामुळे नुसती चासी शंभर किलोच्या आसपास जाते. ३ मिमी जाडी स्वस्त पडते, पण पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी तिची भिंत काही काळाने श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते आणि तडकते. गॅल्व्हनाइज्ड पाइप गंजणार नाही म्हणून कोणी सुचवेल. तो नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडही सच्छिद्र होतो.

लांबी ६ मीटरची मिळते. हिशोबाने दोन लांब्या पुरतात, पण कटिंग डिस्कची जाडी धरली तर हाती काहीच उरत नाही आणि एक चुकीचा काप सगळं अडवतो. तीन घ्या. तिसरीतून सरावाचे जोड, त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला बळकटी देणाऱ्या प्लेट) आणि स्टँड होतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल निवडून मिळतो. जमिनीवर लोळवून, एका टोकाला डोळा लावून पाइप सरळ आहे का बघा, पिळलेला बाजूला काढा. गाडीत मावावा म्हणून तिथेच कापून घ्यायचा असेल तर कापाच्या यादीप्रमाणेच कापा आणि बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधा. जाड प्लेटचे तुकडे दारूखान्यात वजनावर मिळतात, क्लॅम्प, डिस्क आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर.

पाइपच्या एका बाजूला आतून-बाहेरून वेल्डची शिवण असते. बांधताना ती शिवण चासीच्या आतल्या बाजूला येऊ द्या. ब्रॅकेट नेमकी शिवणीवर लावू नका.

पातळी आणि मध्यरेषा

घराच्या लादीवर भरवसा ठेवू नका. तिला मोरीकडे किंवा दाराकडे उतार दिलेलाच असतो. १०० मिमीचे दोन चॅनेल, प्रत्येकी ४ मीटर, सहा पायांवर ठेवून साधारण ६०० मिमी उंचीचा बाक करा. पायांना खाली जाड बोल्ट लावा म्हणजे उंची बारीक बदलता येते. पातळी स्पिरिट लेव्हलने पाहू नका, चार मीटरवर ती फसवते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणा. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून आधी पाणी वाहू देऊन हवा काढा.

बाकाच्या मधोमध बारीक तार ताणून बांधा. ही मध्यरेषा. काम संपेपर्यंत ती काढायची नाही. रेल, ॲक्सल, इंजिन, पेडल, सगळ्यांची मापं याच तारेपासून आणि बाकाच्या पृष्ठभागापासून घ्यायची. एका भागाचं माप शेजारच्या भागावरून घेतलं की एकेका मिलिमीटरची चूक पुढे सरकत जाते आणि मागच्या चाकापाशी ती बोटभर झालेली असते.

कापणं आणि टॅक

पाइप चॉप सॉवर कापा आणि प्रत्येक काप चारही बाजूंनी गुण्या लावून तपासा. जोडीचे तुकडे, म्हणजे डावी-उजवी रेल, एकत्र क्लॅम्प करून एकदमच कापा. त्यांची लांबी नेमकी किती आहे यापेक्षा दोन्ही सारख्या असणं जास्त महत्त्वाचं आहे. जोडाच्या कडा ३० अंशांत घासा आणि दोन तुकड्यांमध्ये दीड मिमी फट ठेवा, नाहीतर वेल्ड पाइपच्या अर्ध्या जाडीपर्यंतच पोहोचतो. जोडापासून २५ मिमीपर्यंत काळी पापडी ग्राइंडरने काढून लोखंड चकचकीत करा.

खालच्या रेल बाकावर ठेवा. वरच्या रेलखाली बरोबर २४० मिमी उंचीचे स्टँड लावा. उभा खांब १०० मिमीची बाजू गाडीच्या लांबीत येईल असा उभा करा, म्हणजे त्याची रुंदी रेलशी जुळते. खालची रेल त्याच्या एका बाजूला तळाशी, वरची रेल दुसऱ्या बाजूला माथ्याशी टेकते. आता फक्त टॅक (जागेवर धरण्यापुरते छोटे वेल्ड) मारा, प्रत्येक जोडाला चार, एकेक सेंटिमीटरचे.

आडवे सदस्य पाच: दोन्ही टोकांना एकेक, दोन्ही खांबांच्या जोडीत एकेक, आणि गिअरबॉक्सखाली एक. गिअरबॉक्सखालचा बोल्टने काढता येईल असा करा, नाहीतर क्लच बदलताना इंजिन उचलावं लागेल. त्याच्या मागे ४० × ४० × ३ च्या पाइपचा एक्स घाला. तो रेलच्या तळाशी धरून बसवा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट वरून जातो. एक्सशिवाय शिडी चासी कोपऱ्यातून पिळते. दारं न लागणं, काच तडकणं, वळणात गाडी उशिरा ऐकणं, ही सगळी त्याची लक्षणं.

टॅक झाल्यावर दोन्ही रेलवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या रेषेवर पंचने बारीक खूण करा आणि कर्ण मोजा. ६९० × २६९० ला दोन्ही कर्ण २७७७ मिमी आले पाहिजेत. एक रेल दुसरीपेक्षा ३ मिमी पुढे सरकली असेल तर कर्णांतला फरक जवळपास ६ मिमी दिसतो, म्हणून हे माप फार उपयोगी आहे. २ मिमीपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर टॅक ग्राइंडरने तोडा आणि पुन्हा लावा. टॅक तोडायला दहा मिनिटं लागतात, पुरा वेल्ड तोडायला दिवस.

कर्ण बरोबर आले तरी चासी पिळलेली असू शकते, कर्णाला पीळ दिसत नाही. त्यासाठी दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, एक पुढे आणि एक मागे, रेलवर आडव्या ठेवा. मागून वाकून एका पट्टीची कड दुसरीच्या कडेशी जुळते का बघा. डोळ्याला अर्धा मिलिमीटरही दिसतो.

वेल्डिंग

०.८ मिमीची ईआर७०एस-६ तार, ८०/२० आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्रण, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर, करंट १३० ते १५० अँपिअर. हे आकडे सुरुवातीचे. तिसऱ्या लांबीच्या तुकड्यांवर तसाच जोड करून तो मधोमध कापा. वेल्ड पाइपच्या आतल्या बाजूपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. दिसेपर्यंत चासीला हात लावू नका. मिग नसेल तर ३.१५ मिमीच्या ई६०१३ रॉडने १०० ते १२५ अँपिअरवर काम होतं, फक्त रॉड पावसाळ्यात बंद डब्यात, सुके ठेवा.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंड आपल्याकडे ओढतो. आडव्या सदस्यांचे सगळे वेल्ड रेलच्या आतल्या बाजूला येतात, त्यामुळे रेलची टोकं आत वळतात. ते रोखायला टोकांमध्ये तात्पुरते आडवे पाइप टॅक करून ठेवा आणि चासी बाकाला क्लॅम्प करा. एका जोडावर ४० मिमीपेक्षा लांब वेल्ड एका दमात नको. पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा, असं फिरत राहा. हात लावता येणार नाही इतका जोड तापला असेल तर त्याला सोडून पुढे जा. पाणी ओतून थंड करू नका. दर फेरीनंतर कर्ण मोजा.

खांबाचे आतले कोपरे, म्हणजे खालच्या रेलचा माथा जिथे खांबाला भिडतो आणि वरच्या रेलचा तळ जिथे भिडतो, या दोन जागी सगळा ताण जमा होतो. तिथे १०० × १०० चे, ५ मिमी जाडीचे त्रिकोणी गसेट दोन्ही कडांना लावा. बाहेरच्या बाजूने जोडावर ५ मिमीची प्लेट लावायची तर ती शंकरपाळ्याच्या आकाराची कापा. चौकोनी प्लेटचा उभा वेल्ड रेलला आडवा जातो आणि तडा नेमका त्याच रेषेत पडतो. गसेटची टोकं गोल घासा. वेल्ड मात्र घासून सपाट करू नका, त्यात त्याची ताकद जाते.

पाटे

पुढच्या पाट्याचा स्थिर डोळा मागे, खांबाच्या पुढच्या बाजूला, आणि शॅकल पुढे. स्टिअरिंग बॉक्स ॲक्सलच्या मागे असतो, त्यामुळे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाच्या आर्मकडे जाणारा दांडा) आणि पाटा दोघं मागच्याच टोकाभोवती वर-खाली फिरतात. शॅकल मागे लावला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. मागच्या पाट्याचा पुढचा डोळा मागच्या खांबाच्या मागच्या बाजूला, खालच्या भागात बसवा. त्याचा शॅकल वरच्या रेलमधून खाली आलेल्या हँगरवर. हा हँगर लांब होतो, म्हणून त्याला आडवा गसेट हवाच. ब्रॅकेटची प्लेट ८ मिमी.

बोल्ट जिथे बॉक्स पाइपच्या आरपार जातो तिथे आत जाड नळीचा स्लीव्ह वेल्ड करा. स्लीव्ह नसेल तर नट आवळताना पाइपच्या भिंती आत दबतात, मग नट कधीच घट्ट राहत नाही.

जीपचे पाटे या हलक्या गाडीला फार कडक होतात. इंजिन, रेडिएटर, टाकी, बॉडी सगळं बसल्यावरच पाट्याची पानं कमी करा, आधी नाही. मुख्य पान आणि त्याच्या डोळ्याला कवेत घेणारं दुसरं पान कधीही काढू नका. शॅकल गाडी उभी असताना थोडा कललेला हवा. सरळ उभा किंवा उलटा झुकलेला शॅकल म्हणजे पाट्याची लांबी किंवा ब्रॅकेटची जागा चुकली.

पुढच्या ॲक्सलला ५ ते ७ अंश कॅस्टर द्या, म्हणजे किंगपिनचा माथा मागे झुकलेला. पाटा आणि पॅड यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून ते मिळतं. ॲल्युमिनियमची पाचर चुरडते. कॅस्टर कमी राहिला तर गाडी सरळ धावत नाही, सतत सावरावी लागते. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा जितक्या जवळ, २ ते ३ मिमी.

जीपचे स्टिअरिंग आर्म छोट्या व्हीलबेससाठी, सीजे-३बी सारख्या गाडीत २०३२ मिमीसाठी, वाकवलेले असतात. लांब चासीवर आतलं चाक गरजेपेक्षा जरा जास्त वळतं, आणि गाडी पूर्ण वळवताना टायर कुरकुरतो. संथ वेगात त्याने बिघडत नाही. आर्म तापवून वाकवण्याचा मोह मात्र टाळा. स्टिअरिंगची दांडी एका सरळ रेषेत छातीकडे आणू नका. मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट घालून तिला कोन द्या, म्हणजे समोरून धडक बसली तर ती मागे घुसत नाही.

इंजिन, शाफ्ट, ब्रेक

इंजिन रबरी माउंटिंगवर, मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकवून बसवा. मागच्या ॲक्सलचा पिनियन ३ अंश वर. दोन्ही शाफ्टच्या रेषा समांतर असल्या की युनिव्हर्सल जॉइंटची थरथर एकमेकांना रद्द करते. मागच्या ॲक्सलवरचे पाट्यांचे पॅड शेवटी, गाडीवर पूर्ण वजन आल्यावर कोन मोजूनच वेल्ड करा. तेही छोटे तुकडे आलटून-पालटून, कारण ॲक्सलची नळी वाकली तर आतलं शाफ्टचं बेअरिंग जातं. गाडी उभी असताना स्लिप जॉइंट (प्रॉपेलर शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) आत जायला किमान २० मिमी जागा शिल्लक हवी.

ब्रेकसाठी टँडम मास्टर सिलिंडरच घ्या, म्हणजे एक सर्किट गेलं तरी दुसरं धरतं. बूस्टर नसेल तर पेडलचं गुणोत्तर ६:१. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, चाकांच्या सिलिंडरपेक्षा खालच्या पातळीला असेल तर तेल मागे उतरतं आणि पेडल पहिल्या दाबाला पोकळ लागतं. त्यासाठी ड्रम ब्रेकला १० पीएसआयचा, डिस्कला २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखणारा) लावा. लाइन ४.७५ मिमीची पोलादी किंवा क्युप्रोनिकेलची, दर ३०० मिमीला क्लिप. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी वापरू नका, ती थरथरीने कडक होऊन फुटते.

वजन आणि रंग

रंगाच्या आधी चासी ॲक्सलच्या रेषांवर चार स्टँडवर ठेवा, दोन्ही रेलच्या बाजूने दोरा ताणा आणि मध्यभागी सिमेंटच्या आठ गोण्या, म्हणजे ४०० किलो, ठेवा. सरळ रेल असती तर हिशोबाने पावणेतीन मिमीच्या आसपास झुकली असती, उभ्या खांबांमुळे थोडी भर पडते. डाव्या आणि उजव्या रेलचा झुकाव सारखा आहे का हे बघा. एक रात्र तसंच ठेवून गोण्या काढा. रेल पूर्ववत झाली नाही, तर एखादा जोड सरकला आहे. प्रत्येक गसेटच्या टोकाला डाय पेनेट्रंट मारा आणि लाल रेघ शोधा.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत बॉक्स पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. सगळी टोकं ४ मिमीच्या प्लेटने पूर्ण बंद करा, आणि खालच्या रेलच्या सर्वांत खालच्या जागी ८ मिमीचं भोक ठेवा. रंग झाल्यावर त्याच भोकातून कॅव्हिटी वॅक्स फवारा. बाहेरून ब्लास्टिंग केलं तर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पावसाळ्यात चार तासांतही उघड्या लोखंडावर तांबूस छटा येते, आणि तिच्यावर मारलेला प्रायमर वर्षभरात पापुद्र्याने सुटतो. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.

जोडणीनंतर एम१२ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळा, नायलॉक नट नवेच वापरा, आणि प्रत्येक आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण पाट्यांची पानं एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात.